सही नको, हात लावू द्या

विच्छेदनाच्या तासाला आम्हा दोघी मुलींची जागा ठरलेली होती. खोलीबाहेरच्या ओसरीत एक बाक होता, त्यावर. आत टेबलावर प्रेत, प्रेताभोवती वीस-बावीस मुलं, आणि बाहेर आम्ही दोघी, भिंतीवरून उतरवून आणलेला शरीराचा तक्ता मांडीवर घेऊन. तक्त्यावरचा माणूस चांगला धट्टाकट्टा होता. स्नायू गुलाबी, शिरा निळ्या, रोहिण्या लाल. छापणाऱ्यानं त्याला उघडाच छापला होता, पण कॉलेजातल्या कुणीतरी दौतीतल्या शाईनं त्याला कमरेपासून गुडघ्यापर्यंत धोतर नेसवलं होतं. तेही खास आमच्यासाठी. त्या धोतराखाली मांडीचे सगळे स्नायू बुडाले होते, ते आम्ही कुठून काढायचे, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

हे धुळ्याचं सांगते आहे. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आयुर्वेदाचं ते महाविद्यालय लहानसं होतं, भाड्याच्या इमारतीतलं. अभ्यासक्रम मिश्र होता. सकाळी श्लोक घोकायचे आणि दुपारी डॉक्टरी पद्धतीनं शारीर, म्हणजे शरीररचना, शिकायची. शारीराचे सर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर होते. स्वभावानं अतिशय गोड. पहिल्याच आठवड्यात आम्हाला बोलावून ते म्हणाले, "पुरुषाचं प्रेत आहे. मुलींनी त्याला हात लावणं बरं नाही. तुम्ही तक्त्यावरून आकृत्या काढा. जर्नलवर सही मी करून देईन. काळजी करू नका, पोरींनो."

कुणी अंगावर ओरडलं तर उलटून बोलता येतं. इतक्या मायेनं कुणी दार लावून घेतलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी "बरं" म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. त्या "बरं"ची मला अजून लाज वाटते.

कारण मी धुळ्याला आले होते ती हात लावण्यासाठीच. आमचं गाव रावेरकडे, केळीच्या बागांतलं. मी दहा-अकरा वर्षांची असताना आईच्या काखेत गाठ आली. आमच्याकडे तेव्हा बाईनं दुखणं दाखवायचं नसे, सांगायचं असे, आणि तेही नवऱ्याच्या तोंडून. आबा वैद्यांकडे जाऊन गाठीचं वर्णन करून आले. कधी लिंबाएवढी म्हणाले, कधी आवळ्याएवढी. त्यांनीही ती पाहिली नव्हतीच. वैद्यांनी लेप दिला. आई लेप लावत राहिली, कापूस वेचायला जात राहिली, आणि गाठ आतल्या आत पिकून फुटली. दोन महिने तिला हात वर करता येत नव्हता. माझी वेणी घालताना ती रडायची आणि मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. पुढं कळू लागलं तेव्हा मला एकच प्रश्न पडला, त्या वैद्यांनी नुसतं बोट लावून पाहिलं असतं तर? तो प्रश्न घेऊनच मी मॅट्रिक झाले.

आबांनी शिकायला पाठवलं, पण अट घालून. "एक डाव नापास झाली की पुस्तक बंद. मंग आम्ही म्हनू त्या घरी जायाचं." मी कबूल केलं. आबा शब्दाचे पक्के, अशी गावात त्यांची ख्याती होती. मीही त्यांचीच मुलगी होते.

धुळ्यात मी आत्याकडे राहायची. आत्या विधवा, मुलं नाहीत, पांझरेच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. ती माझ्यावर जीव टाकायची, पण मी कॉलेजातून खांद्याचं आणि दंडाचं हाड अभ्यासाला आणलं त्या दिवशी तिनं दारातच मला अडवलं. "माय माय! मेलेल्या मानसाचं हाड देवघरापुढून नेशीन का?" मी म्हटलं, आत्या, हे धुतलेलं आहे, वाळवलेलं आहे, आपल्या पाट्यावरवंट्यापेक्षा स्वच्छ आहे. पाट्यावरवंट्याचं नाव काढल्यामुळे ती आणखीच भडकली. शेवटी तह झाला. हाडं पिशवीत घालून मागच्या अंगणातल्या कडुलिंबाला टांगायची, अभ्यास लिंबाखाली करायचा आणि मग अंघोळ करूनच घरात यायचं. धुळ्याच्या थंडीत मी दिवसाकाठी दोन-दोन अंघोळी केल्या. शेजारच्या बायका पिशवीत काय आहे विचारत. आत्या सांगायची, "कांदे शेतस."

तर आकृत्या. माझ्याबरोबरची मुलगी पिंपळनेरची. तिचा हात चित्रकलेत असा काही बसलेला, की तिचं जर्नल पाहून मुलंसुद्धा उसनं मागत. ती तक्त्यावरून दंड काढायची, हुबेहूब. मी काढायला बसले की माझी पेन्सिल थबकायची. हा स्नायू किती जाड असतो? दाबला तर कसा लागतो? ही शीर याच्या खाली आहे की वर? आतून मुलांचे आवाज येत. "सापडली! सापडली!" काय सापडलं, ते मला दिसत नसे. मी बाकावर चरफडत बसायची.

पहिली सहामाही संपली आणि सर म्हणाले, जर्नलं आणा, सह्या करतो. पिंपळनेरच्या मुलीनं दिली. मी नाही दिली.

"का?" सरांनी विचारलं.

"सर, वर छापलंय, 'विच्छेदन स्वतः केले.' मी केलेलं नाही."

"अगं, ते औपचारिक असतं."

"माझ्यासाठी नाही, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सहीशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही. वर्ष जाईल. कळतंय का?"

कळत होतं. वर्ष गेलं म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे आबांनी म्हटलेलं घर. पण माझी जीभ माझ्या आधी धावते. मी म्हटलं, "सही नको सर, हात लावू द्या." एवढं बोलून बाहेर आले. पिंपळनेरची म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस? ते आपणहून सही देतायत." तिचंही खोटं नव्हतं. तिच्या भावानं कर्ज काढून तिला धाडलं होतं. तिला वर्ष घालवणं परवडणारं नव्हतं. मलाही नव्हतंच, पण मी तोवर बोलून बसले होते.

पौषात एके सकाळी नाना दारात भेटले. नाना म्हणजे विच्छेदनाच्या खोलीचे शिपाई. प्रेताची टाकी, औषधं, हत्यारं सगळं त्यांच्या ताब्यात. मुलं त्यांना हाडूत करत, मी नाना म्हणायची, म्हणून त्यांचा माझ्यावर लोभ. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "ताई, बाई उनी शे. दवाखानामा मरनी, तिले कोनी नही. आते तुम्हले कोन आडावस, दखू."

मला आनंद झाला. कुणाच्या तरी मरणाचा असा आनंद व्हावा याचं वाईटही वाटलं, पण आधी आनंदच झाला. सर म्हणाले होते, पुरुषाचं प्रेत आहे म्हणून. आता बाईचं होतं. मी नवी सुरी आणि चिमटा पदराखाली धरून तासाला गेले, तर मुलं आत चालली होती आणि सर आम्हाला म्हणाले, "तुम्ही बसा बाकावर. आत फार गर्दी आहे."

मी बसले नाही. दारात उभी राहिले. बाईवर पांढरी चादर होती आणि तिच्या भोवती वीस-बावीस मुलगे. एकानं चादरीचं टोक धरलंही होतं.

"सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "पुरुषाच्या प्रेताला मुलींनी हात लावायचा नाही. मग बाईच्या प्रेताला मुलांनी कसा लावायचा?"

कुणीतरी हसलं. चादर धरलेला मुलगा म्हणाला, "ती काय बघते आहे का?"

"मग तो पुरुष बघत होता का?" मी म्हटलं. "अर्धं वर्ष मी त्याला लाजून बाहेर बसले. तुम्ही हिला लाजून एक तास तरी बाहेर बसा."

सर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता काढतात नाव पटावरून. पण ते खाली बघून म्हणाले, "चादर सोड रे." मग म्हणाले, "उजवा हात मुलींचा, काखेपासून बोटांपर्यंत. बाकी मुलांचं. मुलींनी सकाळी सातला यायचं, मुलं यायच्या आधी. नाना दार उघडतील."

अख्खं शरीर बावीस जणांना आणि एक हात आम्हाला. हा न्याय नव्हता. पण मी तो हात घेतला. तिथं भांडत बसले असते तर तोही गेला असता, एवढं व्यवहारज्ञान माझ्याकडे होतं. पुढच्या महिन्यात मी मुलांच्या वेळेलाही आत जाऊन मागं उभी राहू लागले आणि मला कुणी बाहेर घालवलं नाही. घालवून तर बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी एकटीच टेबलापाशी. पिंपळनेरची दारात थांबली. म्हणाली, "माझ्या जर्नलवर सही झालीय, आणि माझ्यानं हात लाववणार नाही. मी इथून टाचण वाचते." टाचण म्हणजे सरांनी तासाला सांगितलेलं, आम्ही उतरवून घेतलेलं. मग तसंच ठरून गेलं. ती उंबऱ्यावर पाट टाकून बसायची आणि खणखणीत आवाजात वाचायची, "त्वचेवर मध्यरेषेत छेद घ्यावा." मी छेद घ्यायची. "त्वचा दोन्ही बाजूंना दुमडावी." मी दुमडायची. सत्यनारायणाच्या पोथीत जसं एक वाचतो आणि दुसरा पळीनं पाणी सोडतो, तसं आमचं चालायचं. औषधाच्या वासानं दोघींचे डोळे चुरचुरायचे.

पहिल्या दिवशी मी सुरी लावायच्या आधी तो हात नुसता हातात धरला. थंडगार आणि जड. तळव्याची कातडी इतकी राठ की माझ्या हाताला खरखर लागली. बोटांच्या शेंड्यांवर, नखांच्या कडेला बारीक बारीक ओरखड्यांच्या जुन्या खुणा होत्या. मला त्या वाचायला टाचणाची गरज नव्हती. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. कापूस वेचणाऱ्या प्रत्येक बाईची बोटं अशीच होतात. माझ्या आईची अशीच आहेत. ही बाई कुठली, कुणाची, कुणालाच माहीत नव्हतं, पण ती काय काम करत होती ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मला रडू आलं. उंबऱ्यावरून आवाज आला, "छेद घेतलास का?" मी म्हटलं, "थांब जरा." आणि नाक पुसून छेद घेतला.

काखेपासून सुरुवात केली. आईची गाठ जिथं झाली होती ती जागा मी पहिल्यांदा आतून पाहिली. मोठी रोहिणी तिथून जाते, हाताचे सगळे मज्जातंतू तिथून जातात. एवढ्या मोलाच्या जागेवर बोट न लावता लेप देणाऱ्या त्या वैद्यांना मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मोठ्यानं घालता येत नव्हत्या, दारात पिंपळनेरची होती.

घोटाळा झाला मनगटाशी. स्नायूचं टोक हाडाला बांधणारी जी दोरी असते तिला आम्ही कंडरा म्हणत असू. उंबऱ्यावरून वाचन आलं, "मनगटाच्या बरोबर मध्यभागी, त्वचेखाली लगेच, एक लांब बारीक कंडरा दिसते."

"दिसत नाही," मी म्हटलं.

"दिसते, लिहिलंय ना."

"लिहिलंय, पण दिसत नाही."

"म्हणजे कापलीस तू." तिनं वही मिटली. "सांगत होते, सावकाश."

मी कातडीचा तुकडा न तुकडा उलटून पाहिला. कापली असती तर तिचं तोडलेलं टोक कुठंतरी हवं होतं. वर कोपराकडे तिचा स्नायू हवा होता. तोही नव्हता. जागा स्वच्छ रिकामी होती. मधोमध फक्त मज्जातंतू. मुलांकडच्या डाव्या हातात मात्र ती कंडरा ठळक होती. सरांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. "गेली असेल चुकून. होतं असं पहिल्यांदा. आकृतीत मात्र काढ."

"नव्हतीच ती, सर."

"टाचणात आहे. तक्त्यात आहे. आकृतीत काढ."

मी घरी आले ती फणफणतच. लिंबाखाली बसून माझा अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट वळवलं. जिवंत माणसाच्या हातात असं केलं की ती कंडरा दोरीसारखी वर येते. माझ्या हाताला आली. मग आत्याला हाक मारली. "आत्या, हात दाव." तिला वाटलं मी नाडी बघते. अंगठा-करंगळी टेकवून मनगट वळवलं, आणि आत्याच्या उजव्या मनगटावर काहीच वर आलं नाही. सपाट. पुन्हा करून पाहिलं. सपाट. मी तिला तिथल्या तिथं मिठी मारली. ती ओरडली, "अंघोळ केली का व तू?"

त्या संध्याकाळी मी गल्ली पालथी घातली. पापड लाटणाऱ्या बायका, दूधवाला, दळण घेऊन चाललेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना अंगठा आणि करंगळी जुळवायला लावली. बहुतेकांना होती. टोकाच्या घरातल्या सासूला नव्हती आणि तिच्या सुनेला होती, त्यावरून त्या घरात थोडी कुरबुरही झाली. आत्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, लोक विचारतात, तुमची भाची हात पाहून भविष्य सांगते का. मी म्हटलं, हो म्हणावं, दक्षिणा आण्याची.

आकृतीत मी ती कंडरा काढली नाही. रिकामी जागा रिकामी ठेवली आणि बाजूला लिहिलं, "या हातात आढळली नाही." सरांनी जर्नलवर सही केली. आता ती सही खरी होती. पण त्या पानावर लाल शाईनं शेरा मारला, "आकृती अपूर्ण." फॉर्म भरला गेला. शेरा तसाच राहिला. पिंपळनेरच्या मुलीच्या जर्नलातलं तेच पान सरांनी वर्गात फिरवलं. त्यात कंडरा मोत्याच्या रंगात रेखलेली होती, आणि ती मुलगी त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हती.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. बारीक अंगाचे, घाईचे. त्यांनी टेबलावर मुद्दाम उजवाच हात घेतला, कारण तो नीट सोलला गेला होता. मनगटाच्या मधोमध चिमट्याचं टोक ठेवून ते प्रत्येकाला विचारत होते, "हे काय?" मी रांगेत ऐकत होते. एकामागून एक मुलगा कंडरेचं नाव सांगत होता. टाचणात तिथं कंडरा होती, म्हणून तिथं जे होतं ती कंडरा. परीक्षक हूं म्हणायचे आणि कागदावर काहीतरी लिहायचे.

माझी पाळी आली. त्यांनी जर्नल उघडलं, नेमकं तेच पान. "आकृती अपूर्ण. बरोबर आहे शेरा. कंडरा कुठंय?"

"या हातात नाही, सर."

"मग हे काय?" चिमट्याचं टोक तिथंच.

"मज्जातंतू आहे."

"तुमच्या आधीच्या साऱ्यांनी कंडरा सांगितली."

"त्यांचं चुकलं."

मागं सर उभे होते, ते खाकरले. परीक्षकांनी डोळे वर केले. "कंडरा तुझ्या हातून कापली गेली आणि आता तू सांगतेस नव्हतीच. असं का असू नये?"

"कापली असती तर टोक राहिलं असतं. स्नायू राहिला असता. बघा तुम्ही." मी त्यांच्या हातातला चिमटा घेतला. विचारलं नाही, घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत एकेक थर उचलून दाखवला. "सर, काही माणसांत ती नसतेच. माझ्या आत्याच्या उजव्या हातात नाही. आमच्या गल्लीतल्या एका सासूच्याही नाही. मी पाहिलंय."

"पाहिलंय?"

"हात लावून."

परीक्षक वाकले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, सरांच्या लाल शेऱ्यावर काट मारली आणि बाजूला स्वतःची बारीक सही केली. मला म्हणाले, "जा." निकाल टपालानं येणार होता, ते काही बोलले नाहीत. सरांकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला हसू आलं असतं.

बाहेर आले तर ओसरीत आई बसलेली. गाठोडं मांडीवर. धुळ्यापर्यंत ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, एसटीतून, गावातल्या एका शेतकऱ्याच्या सोबतीनं. मला घ्यायला आली होती. परवा लोक मला पाहायला येणार होते. आबांनी ठरवून टाकलं होतं. निकालाची वाटही पाहिली नव्हती. गाठोड्यात कोरं नऊवारी लुगडं होतं, हिरवं, लाल काठाचं, मला नेसवून पाहुण्यांपुढं बसवायला.

आबांनी शब्द मोडला होता. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. आईवर ओरडणारच होते, तेवढ्यात नाना आतून आले. आता परीक्षा संपली, संध्याकाळी ते त्या बाईला नदीकाठी नेणार होते, दहन करायला. मला सांगायला आले होते. आईनं विचारलं, कोन बाई? मी सगळं सांगितलं. हात, ओरखडे, बोंडं, काख. काखेचं सांगताना आईनं आपला डावा हात नकळत छातीशी घेतला. मग म्हणाली, "तिचं माहेर कोनतं?"

"कुणालाच माहीत नाही."

"मंग माहेरचं लुगडं?"

बाई गेली की माहेरचं लुगडं येतं, तेव्हाच तिला उचलतात. हे मलाही माहीत होतं. चार महिने मी तिच्या हाताची नस न नस ओळखत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. आईनं गाठोड्याची गाठ सोडली. नाना म्हणाले, "माय, नवं लुगडं शे हाई."

"कोरंच लागते," आई म्हणाली.

नाना म्हणाले, सवाष्ण होती की विधवा, तेही ठाऊक नाही, हिरवं चालेल का. आई उभी राहिली. "जिले पाहाले कोनी आलं नही, तिची सवाशीन-रांडव कोन इचारते? हिरवंच राहू दे." आणि ती आत गेली. विच्छेदनाच्या खोलीत. तिला कुणी बाहेर बस म्हणालं नाही. टेबलावर काय उरलं होतं ते तिनं पाहिलं, एकदा डोळे मिटले, आणि मग आम्ही दोघींनी ते लुगडं नीट पांघरलं. उजवा हात मी माझ्या हातानं आत घेतला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला गावी पोचलो. आबा ओट्यावर होते. "पावने उद्या येऊ राह्यले," ते म्हणाले. "लुगडं काढून ठेवा."

मी म्हटलं, "आबा, तुमचा शब्द नापास झाले तर असा होता. निकाल लागलेला नाही."

आबांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "लुगडं कुठी शे?"

"देलं."

"कोनाले?"

"तुमच्या पोरीनं जिचा हात धरला तिले." आई चुलीकडे वळली. "आता कोऱ्या लुगड्याबिगर पोरगी दाखोता का? लोकं काय म्हनतीन? पावन्याइले निरोप धाडा. निकाल लागला की पाहू."

आबा उठले, चपला घातल्या आणि निरोप धाडायला गेले. आई भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिच्या काखेत, त्या जुन्या व्रणावर, बोटं ठेवली. इतक्या वर्षांत तिथं कुणी हात लावला नव्हता. ती दचकली नाही. तिनं हात थोडा वर केला आणि म्हणाली, "दाबून पाह्य."